झिजलेलं लेदर स्टिअरिंग घरच्या घरी नीट करताना

माझी गाडी २०१४ सालची, सेकंडहँड घेतलेली. आधीचे मालक सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. इंजिन ठणठणीत, टायर बरे, पण स्टिअरिंग बघवत नव्हतं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे जिथे असतात, त्या दोन्ही जागा तेलकट चकचकीत झालेल्या. डाव्या अंगठ्याखालचा रंग उडून भुरकट कातडं दिसायला लागलेलं. करड्या टाक्यांत पिवळी झाक. एप्रिलच्या उन्हात तर स्टिअरिंग धरलं की तळहाताला काळं लागायचं.

पहिल्याच रविवारी मी अंगाच्या साबणाचा फेस करून जुन्या टूथब्रशने ते घासलं. टाक्यांतला पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. वाळल्यावर लेदर कोरडं, कडक वाटलं, म्हणून खोबरेल तेल चोळलं. दोन दिवस छान दिसलं. चौथ्या दिवशी त्यावर धूळ बसून ते आधीपेक्षा जास्त चिकट झालं. पाचव्या दिवशी घामेजल्या हाताने वळण घेताना स्टिअरिंग हातातून निसटलं. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी दिसण्यापुरता राहिला नाही.

मग मिरजेतल्या एका कुशनवाल्या काकांकडे गेलो. वाटलं होतं, ते नवीन कव्हर शिवून देतील. त्यांनी नखाने हळूच खरवडून बघितलं आणि म्हणाले, “दादा, कातडं कुठं झिजलंय? वरचा रंग गेलाय. रंगाला तेल पाजून काय हुतंय?”

त्या एका वाक्याने माझा सगळा गोंधळ मिटला. पुढचं सगळं वाचताना तुम्हीही तेवढं लक्षात ठेवा.

आपल्या भागात कातडं म्हटलं की डोळ्यांपुढे कोल्हापुरी चप्पल येते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सोलापूर, साताऱ्याबरोबर आपला सांगली जिल्हाही आहे. ते कातडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यावर कमावलेलं असतं. वर रंगाचा थर नाही, म्हणून ते तेल पितं आणि मऊ पडतं. गाडीच्या स्टिअरिंगचं लेदर वेगळं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा थर आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. दोन्ही मिळून केसाइतकेही जाड नसतात. आपला हात रोज लागतो तो त्या थराला, कातड्याला नाही. तेल आत जातच नाही, वरच बसून राहतं. चपलेला लागू पडणारी घरगुती युक्ती इथे उलटते ती यामुळे.

म्हणजे आपलं काम हे रंगाऱ्याचं काम आहे. जुना मळ काढायचा, घासायचं, लांबी भरायची, पातळ हात मारायचे आणि वर संरक्षक थर द्यायचा. आता क्रमाने बघू.

१. आधी स्टिअरिंग लेदरचं आहे का ते बघा

बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंग साच्यात ओतलेल्या फोमचं असतं. त्यावर टाके नसतात, आणि कडेने बोट फिरवलं तर साच्याची बारीक रेघ लागते. लेदरच्या स्टिअरिंगला आतल्या बाजूने शिवण असते, आणि आऱ्या जिथे मिळतात तिथे लेदरचे जोड दिसतात. मात्र शिवण आहे म्हणजे अस्सल लेदर असेलच असं नाही, कृत्रिम लेदरही तसंच शिवलेलं असतं. झिजलेल्या जागी नीट बघा. खाली केसाळ, मखमलीसारखे तंतू दिसले तर ते कातडं. विणलेलं कापड दिसलं किंवा वरची कातडी पापुद्र्यासारखी सोलून येत असेल, तर ते रेक्झिनच्या जातीचं.

फोम किंवा रेक्झिन असेल तर या लेखातला फक्त सफाईचा भाग वापरा. सोलून निघणाऱ्या रेक्झिनवर रंग टिकत नाही. ते बदलायलाच हवं.

वरून चढवलेलं बाजारी कव्हर असेल तर आधी ते काढा. कितीतरी लोकांना आपल्या कव्हरखाली चांगलं लेदर आहे हेच माहीत नसतं. सैल कव्हर वळणावर फिरतं, तेव्हा ते पुन्हा न चढवलेलंच बरं.

२. झीज कितपत आहे ते ठरवा

इथे घाई करू नका. निम्मे लोक नुसत्या मळक्या स्टिअरिंगला रंग द्यायला निघतात.

चकचकीत दिसतंय, चिकट लागतंय, पण रंग सगळीकडे सारखा आहे: हा नुसता मळ. घाम, त्वचेचं तेल, क्रीम आणि धूळ यांचा थर. नवीन लेदर स्टिअरिंग मंद दिसतं, चमकत नाही. त्यामुळे चमक हे मळाचं लक्षण समजा. तुमचं काम पायरी ५ ला संपतं.

काही जागी रंग फिका पडलाय, भुरकट किंवा करडं दिसतंय, बारीक चिरा आहेत, पण लेदर घट्ट बसलेलं आहे: हे घरी नीट होतं. सगळ्या पायऱ्या करा.

लेदर फाटलंय, टाके उसवलेत, किंवा मुठीत धरून पिळल्यावर लेदर आतल्या रिंगवर सरकतंय: इथे थांबा आणि कुशनवाल्याकडे जा. सरकणारं लेदर धोक्याचं आहे, त्यावर रंगाचा उपयोग नाही. नवीन लेदर चढवून घेताना ते साधारण १ ते १.३ मिलिमीटर जाडीचं घ्या आणि शिवण आतल्या बाजूला येईल असं सांगा. त्यासाठी स्टिअरिंग गाडीतून काढणार असतील तर बॅटरीची तार आधी सोडणार का, हे विचारा. ज्याला हा प्रश्न फालतू वाटेल, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

सांगलीत सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. स्टिअरिंगच्या शिवणीत, आऱ्यांच्या सांध्यात वाळलेला बारीक गाळ सापडला, तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का बघा. असेल तर लेदर बाजूला ठेवा. आधी एअरबॅग आणि वायरिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

३. सामान जमवा

सफाईसाठी:
- लेदर क्लीनर (शक्यतो फेस येणारा, लेदरसाठी म्हणूनच विकला जाणारा)
- मऊ केसांचा छोटा ब्रश, नाहीतर लहान मुलांचा नवीन टूथब्रश
- चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, फिक्या रंगाची म्हणजे निघालेला मळ दिसतो
- कानकोरणीचे कापसाचे बोळे

रंगासाठी आणखी:
- आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं)
- ८०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर
- लेदर बाइंडर, म्हणजे सुटलेले तंतू धरून ठेवणारं अस्तर
- लवचीक लेदर फिलर, म्हणजे चिरा भरायची लांबी
- पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग
- मॅट टॉपकोट, म्हणजे रंगावर द्यायचा बिनचमकीचा संरक्षक थर
- बारीक छिद्रांचे स्पंजचे तुकडे, बारीक कुंचला
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, नायट्राइलचे हातमोजे, हेअर ड्रायर

ब्रश, फडकी, टेप, पॉलिश पेपर हे सगळं गावात मिळतं. लेदरचा रंग, बाइंडर आणि टॉपकोट मात्र मला ऑनलाइन मागवावे लागले. तिन्ही वस्तू एकाच कंपनीच्या घ्या, म्हणजे एकमेकांवर नीट बसतात. सगळं मिळून माझे दोन हजारांच्या आत भागले, आणि निम्म्याहून जास्त रंग अजून शिल्लक आहे.

दुकानात लेदरसाठी काही मागितलं की बरेचदा डॅशबोर्ड पॉलिशची बाटली पुढे येते. ती स्टिअरिंगला अजिबात लावू नका. त्यातल्या सिलिकॉनमुळे हात घसरतो आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही. बुटाचं पॉलिश हाताला आणि कपड्यांना लागत राहतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी थर विरघळून डागडुजीला जागाच उरत नाही. ‘मॅजिक’ म्हणून मिळणारा पांढरा स्पंज म्हणजे मुळात बारीक पॉलिश पेपरच. मळाबरोबर तो वरचा थरही घेऊन जातो.

*क्लीनरची हळद-परीक्षा*

माझे टाके साबणाने लाल का झाले याचा मी नंतर विचार केला, तेव्हा उत्तर देवघरातच सापडलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत लाल होतो आणि अंगाचा साबण अल्कलीधर्मी असतो. लेदर मात्र कमावल्यावर किंचित आम्लधर्मी ठेवलेलं असतं. साबण त्याच्या प्रकृतीला उलटा पडतो, म्हणून ते कोरडं आणि कडक होतं.

तेव्हापासून कुठलाही नवीन क्लीनर मी असा तपासतो: पांढऱ्या कागदावर ओल्या हळदीचं बोट फिरवायचं, वाळू द्यायचं, आणि त्यावर क्लीनरचा एक थेंब टाकायचा. थेंबाखाली लाल किंवा विटकरी झालं तर ती बाटली लेदरसाठी नाही. पिवळंच राहिलं तर पुढे जायला हरकत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ही परीक्षा वाईट क्लीनर बाद करते, चांगल्याची खात्री देत नाही. ती खात्री स्टिअरिंगच्या खालच्या, मागच्या बाजूला थोडंसं लावूनच करायची.

४. दिवस निवडा, गाडी तयार करा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी लवकर, सावलीत. तापलेल्या लेदरवर क्लीनर लावताच वाळतो आणि त्याचे डाग राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये रंगकाम नकोच, हवेत इतका दमटपणा असतो की थर वाळता वाळत नाही.

पूर्ण काम असेल तर गाडी दोन दिवस न चालवण्याची सोय करा. शनिवारी संध्याकाळी सफाई, रविवारी सकाळी रंग, सोमवारी गाडी उभी. सोमवारी पहाटे पुण्याला निघायचं असेल तर हा शनिवार जाऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेलं असेल, तर त्या झाकणामागे स्फोटक द्रव्यावर फुगणारी पिशवी आहे. स्टिअरिंग काढून टेबलावर घेऊन काम करणं सोयीचं असतं खरं, पण ते घरी करायचं नाही. बसल्या जागीच काम करा. मधला भाग प्लास्टिकने झाका, बटणांच्या कडा टेपने बंद करा. कुठलंही द्रव स्टिअरिंगवर थेट फवारू नका. आधी ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. एअरबॅगच्या झाकणाला रंग, फिलर, डिंक असं काहीच लावायचं नाही.

सीटवर आणि मांडीवर जुनी चादर टाका. खालचा भाग वर आणायला स्टिअरिंग फिरवावं लागतं, आणि किल्ली काढलेली असेल तर ते लॉक होतं. तेव्हा किल्ली लावून लॉक सोडा, इंजिन चालू करायची गरज नाही. हॉर्नवर कोपर पडणार नाही याकडेही लक्ष असू द्या, दुपारी शेजारी झोपलेले असतात.

५. सफाई: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मी घड्याळ लावून काम केलं होतं. सफाईला मला सव्वा तास लागला, आणि त्यातल्या एका मिनिटाचाही पश्चात्ताप नाही. मळ राहिला तर पुढचा रंग मळावर बसतो आणि महिनाभरात मळासकट निघतो.

वीतभर भाग घ्या. ब्रशवर क्लीनर घेऊन फेस होईपर्यंत गोल गोल, हलक्या हाताने फिरवा. फेस तपकिरी, मग काळपट होत जातो. तो वाळायच्या आत ओलसर, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. फडक्याची बाजू बदला आणि त्याच जागी पुन्हा करा. फेस पांढराच राहायला लागला की पुढच्या भागाकडे. माझ्या अंगठ्याच्या जागेला सहा वेळा करावं लागलं, वरच्या भागाला दोनदा पुरलं.

आतली शिवण विसरू नका, बोटांची टोकं तिथेच टेकलेली असतात. ब्रश टाक्यांच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवला तर दोरा पिंजतो. बारीक छिद्रांचं लेदर असेल तर क्लीनर अगदी कमी घ्या, नाहीतर फेस छिद्रांत जाऊन वाळतो आणि पांढरे ठिपके राहतात.

हळदीचे डाग आमच्या बाजारपेठेत नवे नाहीत, म्हणून माझ्या टाक्यांचं काय झालं तेही सांगतो. लालपणा साध्या ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसल्यावर गेला. साबण निघाला की हळद परत पिवळी होते. उरलेला पिवळा डाग पाण्याने हलत नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून, चांगला दाबून घेऊन फक्त दोऱ्यावर टेकवला आणि दर वेळी नवीन बोळा घेतला. पाऊण डाग गेला. बोळा लेदरवर जाऊ देऊ नका, तिथला थरही अल्कोहोलने मऊ पडतो.

सफाई झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि दारं उघडी ठेवून तासभर वाळू द्या. मग परत हात लावून बघा. चिकटपणा गेलेला असेल, चमक गेलेली असेल, आणि लेदर नव्यासारखं मंद दिसत असेल. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. रंग शाबूत असेल तर पुढे जाऊ नका. चांगल्या थरावर विनाकारण घासणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं.

६. तेल उतरवा, मग घासा

ही पायरी फक्त रंग देणाऱ्यांसाठी.

फडकं अल्कोहोलने जेमतेम ओलं करून रंग द्यायच्या जागा एकदाच, पटकन पुसा. लेदरमध्ये मुरलेलं तेल उतरतं आणि रंग धरायला जागा तयार होते. फडक्यावर थोडा काळा रंग येईल, तो तुमच्या जुन्या थराचा. येतोय म्हणून घासत बसू नका. पूर्वी कधी डॅशबोर्ड पॉलिश लावलेलं असेल तर हे दोनदा करा.

मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर, कोरडाच. बोटाच्या पेराएवढा तुकडा घडी करून फक्त खडबडीत, उचकटलेल्या जागांवर हलका फिरवा. रंगाच्या उरलेल्या थराची कड आणि उघडं कातडं यांच्यामधली पायरी बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. शेवटी १००० ने तो सगळा भाग एकसारखा करा. जोर लावलात तर कातड्याचे तंतू उभे राहतात आणि जागा आणखी केसाळ होते. माझ्याकडून डाव्या बाजूला हेच झालं. उभे राहिलेले तंतू छोट्या कात्रीने छाटावे लागले.

घासलेली पूड ओलसर फडक्याने पुसून काढा.

७. बाइंडर आणि लांबी

भुरकट जागांवर स्पंजने बाइंडरचा पातळ हात द्या. तो आत मुरतो, सैल तंतूंना धरतो. वाळला की दुसरा हात. तीन हातांनंतर जागा किंचित घट्ट लागायला हवी.

चिरा असतील तर फिलर. इथे रंगाऱ्याची सवय आवरायला लागते. भिंतीला आपण लांबी भरपूर भरतो आणि मग घासून काढतो. स्टिअरिंगवर जाड भरलेला फिलर मुठीच्या दाबाने पहिल्या महिन्यातच सुटतो. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने चिरेत दाबा, वरचा सगळा निपटून घ्या, अर्धा तास वाळू द्या, आणि लागेल तसा पुन्हा. तीन-चार पातळ थर पुरे. खोल चीर संपूर्ण दिसेनाशी करायच्या मागे लागू नका. वाळल्यावर १००० चा पेपर.

छिद्रांच्या लेदरवर फिलर लावायचा नाही, छिद्रं बुजली की ती जागा कायमची वेगळी दिसते.

८. रंग: पातळ, आणि आणखी पातळ

गाडीचं काळं स्टिअरिंग बहुतेक वेळा अगदी काळं नसतं, कोळशासारखं करडं काळं असतं. गडद काळा रंग लावला की दुरुस्त केलेला भाग लांबूनही ओळखू येतो. रंग स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला बोटभर लावा, वाळू द्या, त्यावर थोडा टॉपकोट लावा, आणि मग दिवसाच्या उजेडात शेजारच्या लेदरशी ताडून बघा. ओल्या रंगावरून कधीच ठरवू नका. मला काळ्यात पांढऱ्याचे अगदी थोडे थेंब घालावे लागले. किती घातले ते लिहून ठेवा.

टाके वेगळ्या रंगाचे असतील तर त्यांच्यावर बारीक कापलेली टेप लावा, किंवा त्यांच्या कडेने कुंचल्याने काम करा. टाक्यांना रंग लागलाच तर लगेच ओल्या बोळ्याने टिपा.

स्पंजचा तुकडा रंगात बुडवून आधी कागदावर टेकवा, जादा रंग तिथे जाऊ द्या. मग स्टिअरिंगवर टिपत जा, ओढू नका. ओढला की रेघा पडतात. पहिला हात इतका पातळ हवा की खालची भुरकट जागा दिसतच राहावी. ते बघून मन खट्टू होतं आणि हात जास्त रंग घ्यायला जातो. तिथेच स्वतःला थांबवा. कामाचा सगळा टिकाऊपणा या पातळपणात आहे. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि मुठीच्या पिळाने पापुद्रा होऊन निघतो.

प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर, कमी उष्णतेवर, फूटभर लांबून, सतत हलवत. एका जागी धरला तर लेदर आकसतं. वाळल्याची परीक्षा अशी: हाताची पालथी बाजू टेकवली तर गार लागता कामा नये. गार लागलं म्हणजे अजून पाणी आहे.

पहिले दोन-तीन हात फक्त झिजलेल्या जागांवर, प्रत्येक वेळी कड थोडी पुढे नेत. शेवटचे दोन हात संपूर्ण स्टिअरिंगवर. नाहीतर ठिगळ दिसतं. मला एकूण सहा हात लागले.

९. टॉपकोट

काम सुंदर झालेलं दिसतं आणि इथे लोक कंटाळतात. टॉपकोट नसेल तर तो सगळा रंग आठवड्यात तुमच्या तळहातावर येईल.

मॅटच घ्या. चकचकीत टॉपकोट दिसायला वाईट आणि धरायला निसरडा. रंगासारखाच स्पंजने, तीन पातळ हात, प्रत्येक वाळवून. काही टॉपकोटमध्ये घट्टपणासाठी दुसऱ्या छोट्या बाटलीतलं द्रव मिसळायचं असतं. ते मिसळल्यावर काही तासांतच वापरून संपवावं लागतं, म्हणून लागेल तेवढंच करा. हातमोजे घाला आणि दारं उघडी ठेवा.

शेवटच्या हातानंतर चोवीस तास स्टिअरिंगला हात नाही. टेप मात्र शेवटचा हात वाळला की लगेच, हळू, तिरकी ओढून काढा. दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर थराची कड तिच्याबरोबर येते. पुढचा आठवडाभर ओलं फडकं, क्लीनर काही लावू नका. थर पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा मोकळ्या रस्त्यावर आधी पकड बघा. कुठेही घसरतंय असं वाटलं तर परत येऊन ती जागा ओलसर फडक्याने पुसा, आणि तरीही घसरत असेल तर त्यावर मॅट टॉपकोटचा आणखी एक हात द्या.

१०. नंतरची निगा

आठवड्यातून एकदा पिळलेलं ओलं फडकं, मग कोरडं. दोन-तीन महिन्यांतून एकदा क्लीनर. बस्स. तेल नको, चमक आणणारं काही नको.

सॅनिटायझर लावलात तर हात पूर्ण वाळल्यावरच स्टिअरिंग धरा. त्यात अल्कोहोल असतं, आणि २०२० नंतर ज्या गाड्यांची स्टिअरिंगं अचानक चिकट झाली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कारण हेच होतं. क्रीम, सनस्क्रीन, भेळ खाऊन झालेले हात यांनाही तोच नियम. माझ्या बायकोच्या अंगठीने उजव्या बाजूला ओरखडे पडायचे, तेव्हापासून ती गाडी चालवताना अंगठी उलटी फिरवून घेते. उन्हात गाडी लावली तर काचेवर आडोसा लावा. तो नसेल तर निदान स्टिअरिंगवर एक फिकं फडकं टाका.

पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस बंद राहत असेल तर लेदरवर पांढरी बुरशी धरते. अधूनमधून दारं उघडून हवा खेळवा, बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने गाडीबाहेर झटका आणि मग क्लीनर वापरा.

उरलेला रंग छोट्या बाटलीत भरा, वर तारीख आणि मिसळण्याचं प्रमाण लिहा, आणि घरातल्या कपाटात ठेवा. गाडीत ठेवू नका, उन्हाने फाटतो. माझ्या डाव्या अंगठ्याची जागा चौदा महिन्यांनी पुन्हा थोडी फिकी पडली. त्याच बाटलीतला रंग, दोन हात, वर टॉपकोट. चहा निवायच्या आत झालं.